मशिदीचा जमाखर्च

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातील एका अभ्यासवर्गात अर्थकारणावरील माझे व्याख्यान आटोपले आणि चहाच्या वेळी एका तरुण कार्यकर्त्याने भीत भीत मला गाठले. "सर, मशीद ही वास्तू मुळात परकीच ना? घुमट, मनोरे हे सारे बाहेरूनच आले ना?" विचारणारा मुलगा खोडसाळ नव्हता. गिरणी कामगाराचा नातू, पक्षाच्या कामात नेकीने उतरलेला. मी त्याला राज्यघटनेतले उत्तर दिले. उपासनास्वातंत्र्य, कायद्यापुढील समानता, पंचविसावे कलम, हे सारे सांगितले. उत्तर बरोबर होते आणि निरुपयोगी होते. त्याने विचारले होते वास्तूविषयी. मी बोललो हक्कांविषयी.

परतीच्या एस.टी.त मला स्वतःचीच लाज वाटू लागली. १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येतील मशीद पाडली गेली तेव्हा मी नुकताच अध्यापक झालो होतो. तेव्हापासून आपल्या चळवळीने या विषयावर किती पाने लिहिली याची गणती नाही. त्यांत जागेचा वाद आहे, न्यायालयांचे निकाल आहेत, मतपेट्यांचे हिशेब आहेत. परंतु मशीद बांधतो कोण, तिच्या भिंती कोण लिंपतो, दिव्यातल्या तेलाचे पैसे कोठून येतात, हे प्रश्न आपण जवळजवळ कधीच विचारले नाहीत. ज्याने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले त्याने तरी ते विचारायला हवे होते. प्रस्तुत लेख हा त्या उशिरा सुचलेल्या उत्तराचा मसुदा आहे.

प्रथम 'परकी' या शब्दाकडे पाहू. मशिदीला लागते तरी काय? स्वच्छ जमीन, मक्केची दिशा दाखविणारी एक भिंत, आणि शक्य झाल्यास हातपाय धुण्यासाठी पाणी. इसवी सन ६२२ नंतर मदिनेत उभारलेली पहिली मशीद कच्च्या विटांची होती. खजुराची खोडे हे तिचे खांब आणि खजुराच्या झावळ्या हे तिचे छप्पर. तिला घुमट नव्हता, मनोरा नव्हता. घुमट रोमन आणि इराणी वास्तुकलेत इस्लामच्या आधीपासून होता, तो पुढे घेतला गेला. तेव्हा ज्यांना आपण मशिदीची ओळख समजतो त्या गोष्टी खुद्द मशिदीलाही 'बाहेरून' मिळालेल्या आहेत. उरते ती एक दिशा. बाकीचे सर्व त्या त्या प्रदेशातील दगड, माती, लाकूड आणि गवंडी ठरवितात.

हे तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा उदाहरणांनी सांगणे बरे. चीनमधील शीआन शहरातील मोठी मशीद मिंग राजवटीत, १३९२ मध्ये, आजच्या जागी उभी राहिली. तिथे एकामागून एक चौक आहेत, निळ्या कौलांची वळणदार छपरे आहेत, आणि मनोऱ्याच्या जागी तीन मजली अष्टकोनी लाकडी मंडप आहे. नवख्या माणसाला ते चिनी देऊळच वाटावे. मात्र चिनी देवळे सामान्यतः दक्षिणाभिमुख असतात आणि ही वास्तू पूर्व-पश्चिम पसरली आहे, कारण मक्का पश्चिमेस आहे. जावा बेटावरील देमाकच्या मशिदीला एकावर एक चढत जाणारी तीन उतरती छपरे आणि चार प्रचंड लाकडी खांब आहेत. कुदुस गावातील मशिदीचा विटांचा मनोरा तर जावातील जुन्या हिंदू मंदिरांच्या घडणीचाच आहे. कोळिकोडची मिश्काल मशीद पाहिलेल्यांना ठाऊक असेल की, केरळच्या पावसाला तोंड देणारे कौलारू छप्पर देवळाला एक आणि मशिदीला दुसरे असे नसते. आपल्या शेजारी कलबुर्गीच्या किल्ल्यात १३६७ ची जामा मशीद आहे. तिला नेहमीचे मोकळे अंगणच नाही. सगळी वास्तू लहान लहान घुमटांच्या रांगांनी झाकलेली. विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तिथे गेलो होतो. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत पाऊल टाकल्यावर एक विद्यार्थिनी एवढेच म्हणाली, "सर, इथे झोपावेसे वाटते." स्थापत्यावरचा इतका नेमका अभिप्राय मला पुस्तकांत आढळलेला नाही.

परंतु वास्तूचे रूप स्थानिक आहे एवढ्यावर थांबणे मला पुरेसे वाटत नाही. तसे पर्यटन खात्याची माहितीपत्रकेही सांगतात. आपला प्रश्न श्रमाचा आहे, आणि त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील माली देशातल्या जेने या गावी जावे लागेल.

जेने हे नायजर नदीच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशातील जुने व्यापारी गाव. तेथील मोठी मशीद ही मातीने बांधलेल्या जगातील सर्वांत मोठ्या वास्तूंपैकी एक. आज दिसते ती वास्तू फ्रेंच राजवटीत १९०७ च्या सुमारास पुरी झाली; काम गावच्या गवंड्यांच्या प्रमुखाने, इस्माइला त्राओरेने, पाहिले. भिंती उन्हात वाळविलेल्या विटांच्या, वरून मातीचा गिलावा. पुराचे पाणी आत येऊ नये म्हणून सगळी इमारत उंच जोत्यावर आहे. भिंतींतून ताडाच्या लाकडांचे जुडगे ओळीने बाहेर डोकावतात. ते शोभेचे दिसतात खरे, पण ती कायमची परांची आहे, कारण या भिंतींवर दर वर्षी चढावे लागते. मातीची भिंत एक पावसाळा सोसते. दुसऱ्यापूर्वी तिला नवा गिलावा हवा.

हा गिलावा सारा गाव मिळून करतो. आधी काही आठवडे खड्ड्यांत चिखल आणि भाताचा कोंडा कुजत घालतात. पोरे त्यात नाचून तो मळतात. ठरलेल्या दिवशी पहाटे मुली आणि बायका नदीवरून पाणी आणतात, तरुण टोपल्यांतून चिखल धावत पोहोचवितात, गवंडी लाकडांवर चढून हातांनी भिंत लिंपतात आणि म्हातारी माणसे चौकात मानाने बसून चुका काढतात. गवंड्यांची 'बारे तोन' नावाची संघटना आहे. कोणत्या घराची देखभाल कोणत्या गवंडी कुटुंबाकडे, याचे संबंध तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, आणि मशीद ही सर्वांची मिळून जबाबदारी असते. आपल्याकडे सणाच्या तोंडावर भिंती सारविणाऱ्या बायांना यातले मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ज्या वस्तूला दर वर्षी हात लावावा लागतो ती वस्तू आपली होते.

या चित्रात गोडवा आहे म्हणून त्यातला कडवटपणा झाकू नये. १९८८ मध्ये 'युनेस्को'ने जेनेला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि त्याबरोबर गावातील मातीच्या घरांच्या रूपात फेरबदल करण्यावर बंधने आली. ज्यांना सिमेंटची मोरी किंवा मोठी खोली हवी होती त्यांच्या लक्षात आले की, आपले दारिद्र्यच आता प्रेक्षणीय झाले आहे. २००६ मध्ये आगाखान न्यासाचे तज्ज्ञ छपराची तपासणी करण्यासाठी मशिदीवर चढले. आपल्याला न विचारता छत खोदले जात आहे, या समजाने गावात दंगल उसळली. तज्ज्ञांचा हेतू वाईट नव्हता. पुढे काम झाले, वर्षानुवर्षे चढलेले गिलाव्याचे जाड थर उतरविण्यात आले, आणि ते आवश्यकही होते, कारण नोव्हेंबर २००९ मध्ये अवकाळी पावसाने एका बुरुजाचा भाग कोसळला. पण या दुरुस्तीच्या काळात काही वर्षे गावाचा वार्षिक गिलावाच बंद राहिला. वास्तू वाचविण्यासाठी वास्तूचे माणसांशी असलेले नाते तात्पुरते स्थगित करावे लागले! विकासाच्या योजना आखणाऱ्या प्रत्येकाने जेनेच्या या दंगलीचा अभ्यास करावा असे मला वाटते. २०१६ पासून मालीतील अशांततेमुळे हे गाव धोक्यातील वारशाच्या यादीत आहे.

कोणी म्हणेल, हे गरीब गावाचे झाले; साम्राज्यांनी उभारलेल्या मशिदींचे काय? तिथेही हिशेबाच्या वह्या बोलतात. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद १५५० ते १५५७ या काळात सिनान या विख्यात वास्तुकाराने बांधली. तिच्या बांधकामाची रोजकीर्द बव्हंशी टिकून राहिली आणि तुर्की अर्थेतिहासकार ओमर लुत्फी बारकान यांनी ती १९७० च्या दशकात दोन खंडांत अभ्यासून प्रसिद्ध केली. त्या नोंदींवरून दिसते की, कुशल कारागिरांपैकी सुमारे निम्मे ख्रिस्ती होते. एकूण कामाच्या दिवसांपैकी निम्म्याहून थोडे अधिक दिवस रोजंदारीच्या स्वतंत्र मजुरांनी भरले, मोठा वाटा सुलतानाच्या लष्करी उमेदवारांचा होता, आणि सुमारे वीस दिवसांमागे एक दिवस गलबतांवरील वेठीच्या कैद्यांचा होता. इस्लामी जगाच्या वैभवाचे शिखर म्हणून जिचे नाव घेतले जाते ती वास्तू ग्रीक आणि आर्मेनियन हातांशिवाय उभी राहिली नसती, हे धर्माभिमान्यांना रुचणार नाही. वेठीचा तो विसावा दिवस वैभवाच्या भक्तांना रुचणार नाही.

या मशिदीभोवती सिनानने विद्यालये, दवाखाना, गरिबांसाठी अन्नछत्र, हमामखाना आणि दुकानांच्या ओळी बांधल्या. हा सगळा संसार 'वक्फ'वर, म्हणजे कायमस्वरूपी राखून ठेवलेल्या उत्पन्नावर चाले, आणि ते उत्पन्न मुख्यतः दूरच्या खेड्यांच्या महसुलातून येई. अन्नछत्रातील भाकरी गरिबाला मिळत होती हे खरे. ती दुसऱ्या गरिबाच्या शेतातून आली होती हेही तितकेच खरे. समाजवाद्याने दोन्ही वाक्ये एका दमात म्हणायला शिकले पाहिजे. तरीसुद्धा प्रार्थनास्थळाला दवाखाना आणि स्वयंपाकघर जोडून देणे, आणि त्याचा खर्च दस्तात लिहून ठेवणे, ही कल्पना सामान्य नव्हे.

आजच्या राज्यकर्त्यांच्या मशिदींकडे पाहिले म्हणजे ही कल्पना कोठे हरवली ते कळते. मोरोक्कोच्या राजाने कासाब्लांका येथे समुद्रकाठी बांधलेली, १९९३ मध्ये पुरी झालेली प्रचंड मशीद एका फ्रेंच वास्तुकाराची आहे. तिच्यासाठी देशभर वर्गणी गोळा झाली, आणि राजाची वर्गणी नाकारणे किती जणांना परवडते हे सांगायला नको. हजारो मोरोक्कन कारागिरांना तिने वर्षानुवर्षे काम दिले, एवढे तिच्या जमेच्या बाजूला लिहिले पाहिजे. अल्जियर्सची नवी मशीद त्याही पुढची. तिचा मनोरा २६५ मीटर उंच, जगात सर्वांत उंच. आराखडा जर्मन, बांधकाम चीनच्या सरकारी मालकीच्या कंपनीचे, तिने मोठ्या संख्येने आपलेच कामगार आणलेले. आणि हे तरुणांच्या बेकारीने गांजलेल्या देशात. जेनेच्या भिंतीवर गावातल्या पोरांच्या हातांचे ठसे असतात. अल्जियर्सच्या भिंतीवर ठसा आहे तो निविदेचा. उंच मनोरे, उंच पुतळे आणि उंच इमारती यांचे अर्थशास्त्र सगळीकडे एकच असते, हे वाचकांनी मी न सांगताही ओळखले असेल.

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आपल्या देशाकडे येतो. त्यासाठी मी मुद्दाम सोमनाथची निवड करतो, कारण ते नाव उच्चारताच १०२६ मधील गझनीच्या महमूदाची स्वारी आठवावी अशी आपल्या मनाची घडण करण्यात आली आहे. त्या स्वारीनंतर २३८ वर्षांनी, १२६४ मध्ये, याच सोमनाथ-पाटण येथे एक मशीद बांधली गेली. तिचा दस्त संस्कृतात दगडावर कोरलेला आहे आणि तो वेरावळ येथे मिळाला. राजा होता वाघेला वंशातील अर्जुनदेव. मशीद बांधणारा होता इराणच्या आखातातील होर्मुझचा नाखुदा, म्हणजे जहाजमालक, नूरुद्दीन फिरोझ. जमीन त्याने स्थानिक प्रतिष्ठितांकडून रीतसर विकत घेतली, आणि या व्यवहाराला गावचे हिंदू पुढारी साक्षी व साह्यकर्ते होते. कारभारी पंचकुलाचा प्रमुख तर पाशुपत आचार्य होता. लेखात मशिदीला 'मिजिगिति' म्हटले आहे. आरंभीच्या नमनात ज्या ईश्वराला वंदन आहे त्याला विश्वनाथ, विश्वरूप, शून्यरूप अशी विशेषणे आहेत. निराकार अल्लासाठी संस्कृत पंडिताने शोधलेला 'शून्यरूप' हा शब्द वाचताना मी बराच वेळ थांबलो. कालगणनाही चार दिल्या आहेत: हिजरी ६६२, विक्रम संवत् १३२०, वलभी ९४५ आणि सिंह संवत् १५१. व्यापारी गावात कोणाचीच गैरसोय होऊ नये, असा हा बाणा.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा, खर्चाचा भाग. एक तेलघाणा, दोन दुकाने आणि काही घरे असलेली जागा मशिदीला लावून दिली आहे. त्यांच्या उत्पन्नातून दिवाबत्तीचे तेल, पाणी, नमाज पढविणारे व बांग देणारे यांचा निर्वाह, खलाशांचे विशेष धार्मिक उत्सव, आणि वास्तूची दुरुस्ती व रंगसफेती करावयाची आहे. उरेल ती रक्कम मक्का-मदिनेस पाठवावयाची. आणि हा कारभार पाहावयाचा कोणी? तेथील मुसलमान जमातींनी: त्यांत नाखवे आहेत, घाणेवाले तेली आहेत, चुनेवाले आहेत. सुलतानाचे किंवा सरदाराचे नाव त्यात नाही. समुद्रावर आणि घाण्यावर राबणाऱ्यांच्या हाती व्यवस्थापन सोपविणारा हा तेराव्या शतकातील दस्त आहे.

सत्याला धरून आणखी एक सांगितले पाहिजे. याच मशिदीचा एक अरबी लेखही आहे आणि त्यात हे गाव इस्लामचे व्हावे, मूर्तिपूजा नाहीशी व्हावी, अशी प्रार्थना आहे. संस्कृत पाठात ती नाही. काही मंडळी एवढाच धागा ओढतील. आपल्यातील काही जण तो धागा लपवितील. मला दोन्ही मान्य नाही. घरच्यांसाठी एक भाषा आणि शेजाऱ्यासाठी दुसरी, हे सर्वच समाज करीत आले आहेत. प्रत्यक्षात टिकला तो व्यवहार, कारण त्यात दोघांचे हित होते. सहजीवनाला संतांची गरज लागत नाही. पुष्कळदा चोख दस्तही पुरतो.

आणि गुजरात दूर वाटत असेल तर गोवा घ्या. कदंब राजा पहिला जयकेशी याच्या १०५३ च्या ताम्रपटात छडम नावाच्या त्याच्या मुसलमान अधिकाऱ्याने मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवरील कराची तरतूद केल्याची नोंद आहे. तिथेही शब्द तोच, मिजिगिति. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चिंचणी येथे सापडलेला ९२६ चा राष्ट्रकूट ताम्रपट याच्या उलट दिशेचा आहे: त्यात संजाणचा अरब प्रांताधिकारी मधुमती, म्हणजे महंमद, एका देवीच्या मठाला जमीन देतो. हे लेख आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हते, आजच्याही नाहीत.

तेराव्या शतकातील या तेलघाण्यापासून आजच्या वक्फ वादापर्यंत एक सरळ रेघ जाते. २००६ च्या सच्चर समितीने नमूद केले की, देशातील सुमारे ४.९ लाख नोंदलेल्या वक्फ मालमत्तांचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये होते, म्हणजे पुस्तकी किमतीच्या २.७ टक्के. समितीच्या अंदाजानुसार कार्यक्षम वापर झाला तर ते १२,००० कोटींपर्यंत जाऊ शकले असते. हा फरक कोठे मुरला? मुतवल्लींच्या खिशात, मंडळांच्या बेपर्वाईत, नाममात्र भाड्याने जागा दाबून बसलेल्या धनिकांत, आणि खुद्द सरकारी खात्यांच्या अतिक्रमणातही. सर्वांत मोठे नुकसान झाले ते गरीब मुसलमानाचे, ज्याच्या पोराची शाळा आणि ज्याच्या बायकोचा दवाखाना त्या पैशांतून व्हायचा होता. तेव्हा सुधारणा नको असे म्हणणारा मी नव्हे.

परंतु २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने सुधारणेच्या नावाखाली केले काय? दीर्घ वापराने मशीद वा कबरस्तान वक्फ ठरते, हे तत्त्व पुढील काळासाठी काढून टाकले. आधी नोंदलेल्या जागा राहतील, पण वाद असेल किंवा ती सरकारी जमीन ठरत असेल तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. या तरतुदीला मात्र दिली नाही. नूरुद्दीन फिरोझाजवळ दस्त होता, कारण तो श्रीमंत होता. खेड्यातल्या पिंजाऱ्यांनी, बागवानांनी वर्गणी काढून बांधलेल्या कौलारू मशिदीजवळ कोणता दस्त असणार? तिचा दस्त म्हणजे दर वर्षीचा चुना. गावकीच्या वापरावर हक्क मागणारे आपण, गायरान आणि वनजमिनीच्या प्रश्नावर मोर्चे काढणारे आपण, या ठिकाणी मात्र हा 'त्यांचा' प्रश्न समजून गप्प आहोत. कागद नसलेल्या आदिवासीच्या वहिवाटीला मान्यता द्या, असे आपण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या वेळी म्हणालो. वहिवाट हा शब्द इथे लागू होत नाही, असे कोणत्या तर्काने म्हणणार?

त्या तरुण कार्यकर्त्याला मी वेरावळच्या लेखाचा सारांश मराठीत लिहून पाठविला आणि सुचविले की, आपल्या गावच्या मशिदीचा जमाखर्च विचारून बघ. पंधरा दिवसांनी त्याचा निरोप आला. मशीद त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि तो जन्मात प्रथमच आत गेला होता. तिथल्या वृद्धांनी त्याला वही दाखविली. छपराची कौले चाळायला दर वर्षी जो माणूस येतो तोच गावच्या देवळाचीही कौले चाळतो. त्याची गेल्या खेपेची निम्मी मजुरी दोन्हीकडून अजून यायची आहे, असेही त्याने कळविले.